पाखऱ्याच्या जागी फटफटी

बैल देऊन फटफटी घेतली ही गोष्ट बायकोला तीन टप्प्यांत सांगायची, असं मनसाराम भोयरने ठरवलं होतं. पहिल्या टप्प्यात 'पाखऱ्याची तब्येत आताशा बरी दिसत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण फटफटी चालत नसल्यामुळे ती बैलगाडीत घालून आणावी लागली. गाडीला एका बाजूला घरचा चांद्या होता आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या झिंगूचा बैल, आणि रुखमाबाई नेमकी दारात उभी होती. तिन्ही टप्पे एकदमच उरकले.

ही पंचावन्न सालची गोष्ट. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातली तहसील होती, चांदा मध्य प्रदेशात होता, आणि आमचा कोसमटोला नेमका कुठं होता हे सरकारला अजून समजायचं होतं. दिवाळी होऊन गेली होती. धान कापून बांद्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, पेंढ्यांचे पुंजणे उभे राहिले होते आणि सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली होती.

पाखऱ्या काही साधा बैल नव्हता. रुखमाबाईचे वडील मोहझरीचे सोमाजी शंकरपटाचे नादी. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. झाडीत, म्हणजे आमच्या या जंगलपट्ट्यात, त्या दिवशी लेकी माहेरी येतात, जावई जेवायला बसतात, आणि वर्षभराची इज्जत त्या एका धावपट्टीवर ठरते. सोमाजींनी लेकीला आंदण म्हणून स्वतःच्या कोठ्यातला गोऱ्हा दिला, तोच हा पाखऱ्या. दर माघात मनसाराम जोडी घेऊन मोहझरीला गेला की सोमाजी आधी पाखऱ्याभोवती फिरत, पाय चाचपत, शेपटी उचलून पाहत, आणि मग लेकीला विचारत, बरी आहेस ना. लेकीला त्यात काही वावगं वाटत नसे. बैल बरा असेल तर घर बरं असणार, हा हिशेब तिलाही मान्य होता.

तो बैल मनसारामने नानाजी ठेकेदाराला दिला. नानाजी बांबूचे ठेके घेत. लढाई संपल्यावर लष्कराने जे सामान विकायला काढलं त्यातून त्यांनी ही फटफटी आणली होती. काही महिने ती चालली. मग उभी राहिली ती राहिलीच. दोन पावसाळे ती त्यांच्या अंगणात होती आणि सीटच्या खळग्यात एक कोंबडी नेमाने अंडी घालत असे. नानाजींची नजर पाखऱ्यावर होती, मनसारामची फटफटीवर. दोन माणसांची नजर एकमेकांच्या वस्तूवर असली की व्यवहार लवकर होतो. शहाणपणाची गरज पडत नाही.

मनसारामचा स्वतःवर विश्वास होता. लढाईच्या काळात तो नागपूरकडे लष्कराच्या डेपोत कामाला होता. तिथं तो ट्रक धूत असे. धुणारा माणूस मशीन चहूबाजूंनी पाहतो, खालूनसुद्धा पाहतो, असं त्याचं म्हणणं होतं. इंजीन बनवणाऱ्याने तरी ते खालून कधी पाहिलं होतं, असंही तो विचारत असे. 

फटफटी कोठ्यात पाखऱ्याच्या जागी उभी केली. संध्याकाळी रुखमाबाईने चांद्यापुढे तणसाची, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाची, पेंढी टाकली आणि दुसरी पेंढी फटफटीपुढे टाकली. सवयीने झालं असेल, असं मनसारामला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने फटफटीपुढे पाण्याची बादलीही ठेवली, तेव्हा ते सवयीने होत नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं.

त्याच्याशी ती बोलायची थांबली होती. पण रुखमाबाई कामाची बाई, आणि न बोलता संसार चालत नाही हे तिला कळत होतं. म्हणून ती चांद्याशी बोलू लागली. चांद्या, जेवन वाढलं आहे म्हनाव. चांद्या, सरपन सरलं म्हनाव. चांद्या रवंथ करत ऐकून घेई आणि निरोप आपोआप पोचत असे. मनसारामही पुढेपुढे चांद्याकडे पाहूनच 'हो' म्हणायला लागला.

असाच एका संध्याकाळी चांद्याला तो मुख्य निरोप मिळाला. मनसाराम खाटेवर बसून फटफटीचा एक नट धोतराने पुसत होता.

"चांद्या," रुखमाबाई म्हणाली, "माघात मोहझरीचा पट आहे. नानाजी तुह्या जोडीदाराले तिथी धाववन. बाबा त्याले दुरून वळखन. त्या दिवशी हे लोखंड चाललं तं मी त्याच्यावर बसून जाईन, बाबाले सांगीन का माह्या नवऱ्यानं बैल देल्ला पन चीज आनली. नाई चाललं तं मी झिंगूच्या रेंगीत जाईन. मंग वापस याचं का नाई, ते बाबा ठरवन."

चांद्याने कान हलवला. मनसारामने नट पुसणं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने फटफटी खोलली. खोलण्यात त्याला कोणाचीही मदत लागली नाही. एक भाग सुटला की त्याच्या मागचा दिसे, तो सुटला की त्याच्या मागचा, आणि मनसाराम धानाच्या शेंगा सोलाव्यात तसा आत जात राहिला. धानाला शेंगा नसतात हे झिंगूने त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तेच तं, इथी आहेत. भाग ठेवायला सुपं लागली, मग टोपल्या लागल्या, मग रुखमाबाईची पापड वाळवायची चटई लागली. चांद्याला पाणी पाजायला जाताना रुखमाबाई त्या पसाऱ्यातून एकाही भागाला पाय न लावता जात असे, आणि हे मनसारामला लाथ मारण्यापेक्षा जास्त लागत असे.

गंज काढायला चिंचेचं पाणी आणि नदीची रेती. टाकीत कोंबडीची पिसं निघाली. ती तिथं कशी शिरली हे शेवटपर्यंत कळलं नाही. चाकांच्या नळ्यांना पाच ठिकाणी ठिगळं. महिनाभराने सगळं पुन्हा जोडलं तेव्हा वाटीभर नट-बोल्ट उरले. मनसारामने सांगितलं की लष्कराच्या मशीनीत मुद्दाम जादा सामान घालतात, लढाईत काही पडलंबिडलं तर असावं म्हणून. वाटी त्याने फडताळात देवाशेजारी ठेवली. जपून.

पेट्रोल चांदा शहरातून मोटारीच्या ड्रायव्हरने बाटल्यांतून आणून दिलं. ते थोडं होतं, म्हणून मनसाराम ते अत्तरासारखं वापरत असे. राहिलं इंजिनाचं तेल. ते मिळेना. ड्रायव्हर म्हणाला, पुढच्या खेपेला बघू. त्याच्या पुढच्या खेपा आम्हाला ठाऊक होत्या. आणि आमच्याकडे तेलाला तोटा नव्हता. मोहाच्या बिया, ज्यांना आम्ही टोळी म्हणतो, त्यांचं तेल घरोघरी घाण्यावर काढलेलं असे. दिव्याला तेच, गाडीच्या कण्याला तेच, फुटलेल्या टाचांनाही तेच. मनसारामने विचार केला. ज्या तेलावर गाडीचं चाक फिरतं त्यावर फटफटीचं का फिरू नये? चाक म्हणजे चाक. त्याने भर दुपारी इंजिनात आणि गिअरच्या पेटीत टोळीचं तेल तुडुंब भरलं, देवाचं नाव घेतलं आणि किक मारली.

फटफटी सुरू झाली.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ती फटफटली, धूर सोडला, आणि अख्ख्या टोल्यात भजी तळल्याचा वास पसरला. माणसं घरांतून बाहेर आली. काहींना फटफटी दिसल्यावर आनंद झाला, काहींची भजी नाहीत हे पाहून निराशा झाली, पण गर्दी सगळ्यांची झाली. मनसारामने ती लगेच बंद केली, पेट्रोल वाचवायला. उद्या सकाळी सगळ्यांसमोर चालवून दाखवतो, म्हणाला. सकाळी म्हणजे माणसं खळ्यावर धान चुरायला, मळणीला, जायच्या आधी. दुपारी निम्मं गाव तिथंच असतं.

सकाळी सगळं गाव घोंगड्या पांघरून जमलं. मनसारामने किकवर पाय ठेवला आणि भार टाकला. किक जागची हलली नाही. दोन्ही पायांनी उभा राहिला. किक त्याला घेऊन तशीच उभी राहिली, खांबासारखी. झिंगूने पण उभं राहून पाहिलं. मग लोक धान चुरायला गेले.

इथून पुढची सारी थंडी एकाच दिवसाची बनलेली होती, असं म्हटलं तरी चालेल. सकाळी किक जाम. मनसाराम पाय सुजेपर्यंत लाथा मारी, मग चिडून इंजीन खोली. आत पांढरं, घट्ट, लोण्यासारखं काहीतरी सगळ्या दातांना चिकटलेलं असे. ते पाहून त्याचा राग थोडा निवत असे. "पाहा," तो आम्हाला बोलावून दाखवी, "लढाईतलं ग्रीस आहे. दहा वर्षं झाली, पन हललं नाई. असं ग्रीस आता भेटते का?" आम्ही माना डोलवत असू. इतकं चांगलं ग्रीस तो अर्थातच पुसत नसे. उलट बोटाने सारखं करून ठेवी. मग भाग चटईवर उन्हात मांडून एखादा संशयित निवडी: एकदा साखळी, एकदा क्लचच्या चकत्या, एकदा एक स्प्रिंग, जी त्याला पहिल्यापासून कुचकी वाटत होती. तो भाग घासून, वाकवून, ठोकून परत बसवी. दुपार कलेपर्यंत जोडणी होई आणि किक लोण्यातून सुरी जावी तशी फिरे. मनसाराम म्हणे, सापडलं. पेट्रोल मोजकं, म्हणून सुरू करत नसे. उद्या सकाळी, म्हणे.

सकाळी किक जाम.

याचं शास्त्रही गावाने तयार केलं. झिंगूचं मत, मशीनीला थंडी बाधते. पण त्याला म्हणायचं होतं की तिला गोधडी पांघरावी, आणि ती पांघरूनही किक हलली नाही, तेव्हा त्याचं मत बाद झालं. पलीकडच्या गोंडटोल्यातला सुकलू म्हणाला की बैलाची जागा बैलाच्या नावाने असते, तिथं दुसरं कोणी उभं राहिलं तर ते जड होतं. फटफटी कोठ्यातून काढून अंगणात ठेवली. तिथं दवाने ती आणखी जड झाली. रुखमाबाईने चांद्याला विचारलं की बाहेर निजणाऱ्या पाव्हण्याला अंगावर काही द्यायचं का.

मनसारामचा स्वभाव चांगला होता, पण पौष संपता संपता तो खराब झाला. एकदा त्याने पाना फेकून मारला तो कोंबडीला लागला. एकदा फटफटीशी तासभर बोलला आणि तिला तिच्या कारखान्यासकट शिव्या घातल्या. किक मारणाऱ्या पायाची नडगी अशी काळीनिळी झाली की तो लंगडत चालू लागला, आणि रुखमाबाई रोज रात्री गरम टोळीच्या तेलाची वाटी न बोलता खाटेखाली सरकवून ठेवू लागली. ते तेल तो पायाला चोळी. सकाळी वाटीत उरलेलं तेल थिजून पांढरं झालेलं असे. ते तिथंच ठेवून तो अंगणात जाई, फटफटी खोली, आणि लढाईतलं ग्रीस पाहून नवल करी. माणूस ज्या गोष्टीत हुशार असतो त्या गोष्टीत त्याला दिसत नाही. बाकी ठिकाणी दिसतं, पण तिथं तो पाहत नाही.

माघ आला. पटाची तारीख आली. आदल्या दुपारी किक सुरीसारखी फिरली आणि मनसारामने त्या रात्री देवाला वाटीतल्या उरलेल्या नट-बोल्टांसकट नमस्कार केला.

पहाट अशी थंड होती की कोंबडासुद्धा एकदाच आरवला. झिंगूने रेंगी आणून दारात उभी केली. रेंगी म्हणजे माणसं न्यायची आमच्याकडची हलकी गाडी. रुखमाबाईने नवं लुगडं नेसलं होतं आणि बांधलेली पेटी ओट्यावर ठेवली होती. पेटी जरा मोठी होती. पटाला एका दिवसासाठी जाणाऱ्या बाईची ती पेटी नव्हती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

मनसाराम किकवर उभा होता. किक खांबासारखी होती. त्याने एकदा दात-ओठ खाल्ले, एकदा डोळे मिटले, एकदा किकला हात जोडले. मग तो खाली उतरला आणि उकिडवा बसला, फटफटीकडे पाठ करून.  

तिकडे झिंगूने रोजच्याप्रमाणे गाडीच्या कण्याखाली तणस पेटवलं. थंडीत आमच्याकडे गाडी जुंपायच्या आधी हे करावंच लागतं. कण्यातलं टोळीचं तेल रात्री थिजतं, मग चाकं कुरकुरतात आणि बैल रुसतात. जाळ लागला. चाकाच्या आऱ्याशी साचलेला पांढरा, घट्ट, लोण्यासारखा थर हळूहळू पिवळा झाला आणि टपटप धुळीत पडू लागला.

मनसाराम ते पाहत होता. पहिल्यांदा नुसतंच. मग त्याची मान जराशी पुढे आली. तो उठला, लंगडत गाडीपाशी गेला, कण्यावरचा पांढरा थर बोटाने निपटला, वास घेतला. मग तसाच फटफटीपाशी आला आणि तिच्या गिअरच्या झाकणाचा वास घेतला. मग परत गाडीपाशी गेला.

"लढाईतलं ग्रीस आहे का?" झिंगूने विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. फटफटीत साहेबी वस्तू असणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

मनसारामने गाडीखालचं पेटतं तणस दोन्ही हातांनी उचललं, धावत अंगणात गेला आणि फटफटीखाली टाकायला वाकला. वर पेट्रोलची टाकी होती, आणि वाचवून ठेवलेल्या सगळ्या बाटल्या त्या दिवसासाठी तिच्यात रिकाम्या केलेल्या होत्या.

"अवो!" रुखमाबाई ओरडली. "ते पेटरोल आहे ना!"

मनसाराम तसाच वाकून थांबला. हाताला चटके बसत होते, पण तो हलला नाही. दिवाळीपासून ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली होती, आणि चांद्या तिथंच उभा असून मध्ये आला नव्हता.

"मंग कसं करू?" तो म्हणाला.

"पह्यले ते जाळ खाली टाका. तिकडं. दूर." ती आत गेली आणि आंघोळीच्या कढत पाण्याचं घंगाळ उचलून आणलं. गिअरच्या पेटीवर, इंजिनावर, तेलाच्या टाकीवर ती तांब्या तांब्या पाणी ओतत गेली, म्हातारीला न्हाऊ घालावं तसं. पाणी संपलं तेव्हा झिंगूच्या घरचं आणलं. वाफेत फटफटी दिसेनाशी झाली. मनसारामने वाफेत चाचपडत किक शोधली आणि पाय ठेवला.

किक सुरीसारखी फिरली. दुसऱ्या किकेला फटफटी सुरू झाली आणि कोसमटोल्यात सकाळी सकाळी भजी तळली गेली.

रुखमाबाई मागे एका बाजूला पाय टाकून बसली, पदर दातात धरून. पेटी तिने बरोबर घेतली नाही. घरात ठेवावी की रेंगीत, याचा जरा विचार केला आणि रेंगीत ठेवायला सांगितली. झिंगू आपला बैल आणि चांद्या जुंपलेली रेंगी घेऊन मागून निघाला. विश्वास नव्हता असं नाही, पण बैल जुंपलेच होते.

मोहझरीपर्यंतचा चार कोसांचा गाडीरस्ता फटफटीने काढला. वाटेतल्या प्रत्येक गावात माणसं वासाने बाहेर आली. एका ठिकाणी एक म्हातारी हातात द्रोण घेऊन उभी राहिली होती, असं रुखमाबाई पुढे सांगत असे. फटफटी एकदाही थांबली नाही. मनसारामने रस्ताभर सासऱ्यापुढे काय बोलायचं ते तीन टप्प्यांत ठरवलं.

पटावर पोचले तेव्हा धावपट्टीच्या शेवटाला, आंब्याखाली, पंच म्हणून सोमाजीच बसले होते. फटफटी पाहून लोक सरकले. सोमाजी उठले, फटफटीभोवती फिरले, चाक चाचपलं, मागे वाकून पाहिलं, आणि मग लेकीला म्हणाले, बरी आहेस ना. मनसारामने फटफटीच्या टाकीवर हलकेच थाप मारली.

मग ते मनसारामकडे वळले. "जवाईबापू, बैल कुठी आहेत?"

मनसारामने पहिला टप्पा सांगायला तोंड उघडलं. त्याच वेळी धावपट्टीच्या त्या टोकाला जोड्या सुटल्या. उजवीकडची जोडी नानाजी ठेकेदाराची. तिच्यात आतल्या अंगाला पाखऱ्या. असा धावत होता की डाव्या जोडीची नुसती धूळ दिसत होती. सोमाजींनी डोळ्यांवर हात धरला. बैल ओळखायला त्यांना जितका वेळ लागायचा तितकाच लागला.

रुखमाबाईने पदर सावरला. आणि ती संध्याकाळी पेंढी टाकताना जशी हाक मारायची, तशी हाक तिच्या तोंडातून गेली. मुद्दाम की कशी, हे तिने कधी सांगितलं नाही. हाक फार मोठी नव्हती.

पाखऱ्या रेषेच्या अलीकडे थांबला. त्याचा जोडीदार थांबला नाही, त्यामुळे छकडा आडवा झाला आणि नानाजींचा हाकणारा तणसाच्या ढिगात गेला. डावी जोडी धुळीतून निघून रेषा ओलांडून गेली. पाखऱ्या जू, छकडा आणि जोडीदार ओढत सरळ आंब्याखाली आला आणि रुखमाबाईपुढे मान खाली घालून उभा राहिला. मग त्याने फटफटीचा वास घेतला. त्याला काही ती आवडली नाही.

नानाजी धापा टाकत आले. त्यांना माणसांसमोर काय काय झालं ते सांगायची गरज नव्हती, तरी त्यांनी सगळं सांगितलं. असा बाईवेडा बैल मले नको, म्हणाले. मग त्यांची नजर फटफटीवर गेली. त्यांच्या अंगणात दोन पावसाळे कोंबडी बसवून उभी असलेली ती फटफटी आता नुसती धडधडत होती, चकाकत होती, आणि भोवती पटापेक्षा जास्त माणसं होती.

"मनसाराम," ते म्हणाले, "तुहा बैल तू ने. माही फटफटी मले दे. होतं तसं."

मनसारामने फटफटीकडे पाहिलं. तिच्या प्रत्येक नटाला त्याचा हात लागला होता, काहींना दहा-दहा वेळा. सुजलेल्या नडगीवर त्याने हात ठेवला. सोमाजी पाखऱ्याचा पाय चाचपत होते.

रुखमाबाई पाखऱ्याच्या कपाळावरची धूळ पुसत होती. "पाखऱ्या," ती म्हणाली, "इचार यांले, आपल्या कोठ्यात कोन येऊन राह्यलं. मीबी त्याच्याच संगं येईन म्हनाव."

पुन्हा बैलाशी बोलणं सुरू झालं होतं. मनसारामने नानाजींच्या हाती फटफटीचा दांडा दिला.

नानाजी स्वार झाले. पटाभोवती एक फेरी मारली, मग कौतुकाने आणखी एक, आणि भज्यांचा वास सोडत त्यांच्या गावाच्या दिशेने दिसेनासे झाले. ऊन अजून चांगलं होतं.

संध्याकाळी कोसमटोल्याकडे रेंगी निघाली ती पाखऱ्या आणि चांद्या जोडून. झिंगूचा बैल मागे बांधला होता. सोमाजींनी निरोपाच्या वेळी जावयाला सांगितलं की पुढच्या वर्षी जोडी लवकर आण, आणि फटफटीविषयी काही विचारलं नाही. मोठी पेटी रेंगीतच होती. ती उघडलीसुद्धा गेली नव्हती. थंडी पडायला लागली तसा मनसारामने सुजलेला पाय घोंगडीत घेतला.



"नानाजीले तेलाचं सांगतलं का?" रुखमाबाईने विचारलं. थेट त्याला.

"त्याईनं इचारलं नाई," मनसाराम म्हणाला.

"बरं," रुखमाबाई म्हणाली.

झिंगूने मागे वळून पाहिलं. "पन मनसारामभाऊ, सकाळी ते जाम होईन ना. मंग नानाजी ते खोलन."

"खोलन," मनसाराम म्हणाला. "चांगलं ग्रीस आहे आत."